सन वर्कस्टेशनचा जुना कीबोर्ड आजच्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा?

जुन्या कॉम्प्युटरच्या ढिगाऱ्यात कधीतरी एक वेगळाच कीबोर्ड हाती लागतो. डाव्या हाताला स्टॉप, अगेन, अनडू, कॉपी, पेस्ट, कट अशी नावं लिहिलेली जादा बटणं. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. स्पेसबारच्या शेजारी चौकटीच्या इक्क्यासारखं चिन्ह. आणि वायरच्या टोकाला एक छोटा गोल प्लग. हा प्लग बघितला की बहुतेकांना वाटतं, 'अरे, हा तर जुन्या पीसीचा कीबोर्ड! बाजारात मिळणारा छोटा अडॅप्टर लावला की यूएसबीला चालेल.'

इथेच गडबड होते. प्लग जोर लावून घुसवला तर त्याच्या पिना वाकतात. आणि बसलाच, तरी कॉम्प्युटरला कीबोर्डचं बोलणं कळत नाही. चुकीच्या पिनवर वीज गेली तर कीबोर्ड किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट कायमचा जाऊ शकतो. हे कीबोर्ड आता कुणी बनवत नाही, त्यामुळे एक जळला की बदली मिळणं कठीण.

चांगली बातमी अशी, की एका छोट्या बोर्डाच्या मदतीने हा कीबोर्ड आजच्या विंडोज, मॅक किंवा लिनक्स कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालतो. कसा, ते या लेखात समजून घेऊ.

हा कीबोर्ड नेमका कुठला?

सन मायक्रोसिस्टिम्स ही अमेरिकन कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. साध्या पीसीपेक्षा ताकदवान असे युनिक्सवर चालणारे वर्कस्टेशन ही तिची ओळख. विद्यापीठं, संशोधन संस्था, इंजिनिअरिंग कंपन्या आणि अ‍ॅनिमेशन स्टुडिओ ही मशिन्स वापरत. पिक्सारचा १९९५ सालचा 'टॉय स्टोरी' हा चित्रपट सनच्याच वर्कस्टेशनच्या ताफ्यावर रेंडर झाला होता. पुढे २०१० साली ओरॅकलने ही कंपनी विकत घेतली.

सनच्या कीबोर्डांना 'टाइप' आणि आकडा अशी नावं होती. १९८९ सालच्या स्पार्कस्टेशन १ सोबत टाइप ४ आला, नव्वदच्या दशकात टाइप ५ आला. त्यानंतर टाइप ६ आणि टाइप ७. जोडणीच्या दृष्टीने यांचे दोन गट पडतात:

- टाइप ४, टाइप ५ आणि काही टाइप ६: ८ पिनांचा गोल प्लग, सनची स्वतःची भाषा. यांना कन्व्हर्टर लागतो.
- बाकीचे टाइप ६ आणि टाइप ७: थेट यूएसबी प्लग. हे आजच्या कॉम्प्युटरला लावले की चालतात.

म्हणजे तुमच्या कीबोर्डच्या टोकाला चपटा यूएसबी प्लग असेल, तर काम झालंच. पुढे फक्त जादा बटणांबद्दलचा भाग वाचा. गोल प्लग असेल, तर सगळा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी पिना मोजा

या गोल प्लगच्या जातीला मिनी-डिन म्हणतात. या जातीतल्या सगळ्या प्लगांचा बाहेरचा व्यास सारखाच असतो, साधारण ९.५ मिलिमीटर. म्हणून नुसतं बघून फसायला होतं. फरक आतल्या पिनांच्या संख्येत असतो:

- ४ पिना: अ‍ॅपलचा जुना एडीबी कीबोर्ड असू शकतो.
- ६ पिना: पीसीचा पीएस/२ कीबोर्ड.
- ८ पिना: सनचा कीबोर्ड असण्याची दाट शक्यता. खालचं लेबल वाचून खात्री करा.

कीबोर्ड उलटा करून त्यावरचं लेबल वाचणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी आहे. मॉडेलचं नाव तिथेच सापडतं. टाइप ४ आणि टाइप ५ च्या खाली छोट्या स्विचांची एक रांगही दिसेल. कीबोर्ड कुठल्या देशाच्या मांडणीचा आहे हे मशिनला कळावं म्हणून ते स्विच असतात. त्यांना हात लावायची गरज नाही.

अडॅप्टर आणि कन्व्हर्टर यांत फरक काय?

हा फरक कळला की निम्मं काम झालं.

अडॅप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो. त्याच्या आत तारा सरळ एका बाजूकडून दुसरीकडे जातात, बाकी काही नसतं. जुन्या पीएस/२ कीबोर्डसोबत मिळणारे छोटे जांभळे अडॅप्टर असेच होते. ते चालायचे, कारण त्या काळातल्या काही कीबोर्डांना पीएस/२ आणि यूएसबी या दोन्ही भाषा येत असत. ज्याला दुसरी भाषा येत नाही, त्या कीबोर्डला अडॅप्टर लावून उपयोग शून्य.

कन्व्हर्टर मात्र दुभाष्यासारखा असतो. त्याच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो. तो एका बाजूने कीबोर्डचं ऐकतो, त्याचा अर्थ लावतो आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरशी यूएसबीच्या भाषेत बोलतो. सनच्या कीबोर्डला फक्त सनची भाषा येते. त्यामुळे त्याला दुभाष्याच लागतो.

सनचा कीबोर्ड काय बोलतो?

हा कीबोर्ड सीरियल पद्धतीने बोलतो, म्हणजे एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवतो. वेग १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट. एक संकेत पाठवायला सुरुवातीचा १, माहितीचे ८ आणि शेवटचा १ असे १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला १२० संकेत. आजच्या मानाने हा वेग गोगलगायीचा, पण माणूस कितीही भराभर टाइप करत असला तरी पुरेसा.

प्रत्येक बटणाला एक क्रमांक असतो. बटण दाबलं की तो क्रमांक जातो. सोडलं की त्यात १२८ मिळवून येणारी संख्या जाते. उदाहरणार्थ, इंग्रजी 'ए' चं बटण घ्या:

- दाबलं: ७७
- सोडलं: २०५, म्हणजे ७७ + १२८
- आता एकही बटण दाबलेलं नाही: १२७

यूएसबीच्या भाषेत याच 'ए' चा क्रमांक ४ आहे. कन्व्हर्टरचं मुख्य काम एवढंच: ७७ आलं की कॉम्प्युटरला सांगायचं, '४ दाबलं गेलं'; २०५ आलं की सांगायचं, '४ सोडलं गेलं'.

संवाद दुसऱ्या दिशेनेही होतो. कॉम्प्युटर कीबोर्डला हुकूम पाठवू शकतो. १ पाठवलं की कीबोर्ड नव्याने सुरू होतो, २ पाठवलं की आतली शिट्टी वाजू लागते, ३ पाठवलं की थांबते. १४ पाठवून त्यामागे आणखी एक आकडा पाठवला की दिवे लागतात किंवा विझतात. त्या दुसऱ्या आकड्यात नम लॉकसाठी १, कंपोजसाठी २, स्क्रोल लॉकसाठी ४ आणि कॅप्स लॉकसाठी ८ धरायचे आणि बेरीज करायची.

उलट्या सिग्नलची गोम

बोर्ड जोडला, वेग १२०० ठेवला, तरी स्क्रीनवर अर्थहीन आकडे दिसतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. कारण सनचा सिग्नल उलटा आहे.

साध्या सीरियल जोडणीत, ज्याला टीटीएल पातळी म्हणतात, तार शांत असताना तिच्यावर ५ व्होल्ट असतात आणि बोलताना ती शून्यावर येते. सनच्या कीबोर्डमध्ये शांत असताना शून्य आणि बोलताना ५ व्होल्ट. म्हणजे त्याचा १ तो आपला ० आणि त्याचा ० तो आपला १.

यावर दोन उपाय आहेत. एक, मध्ये ७४एचसी०४ सारखी सिग्नल उलटवणारी स्वस्त चिप बसवायची. दोन, प्रोग्राममध्येच सांगायचं की सिग्नल उलटा समज. दुसरा उपाय सोपा आहे, कारण त्यात जादा सामान लागत नाही.

तीन मार्ग

१. तयार कन्व्हर्टर विकत घेणं. हौशी लोकांनी बनवलेले सन ते यूएसबी कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात. घेताना 'टाइप ५ चालतो का' आणि '८ पिनांचं सॉकेट आहे का' हे दोन प्रश्न विचारा. सोल्डरिंगची सवय नसेल तर हाच मार्ग धरा.

२. स्वतः कन्व्हर्टर बनवणं. एक छोटा बोर्ड, एक सॉकेट, चार तारा आणि फुकट मिळणारा तयार प्रोग्राम. एक मोकळी संध्याकाळ पुरते. पुढे याचीच माहिती आहे.

३. लिनक्सची सोय वापरणं. लिनक्सच्या गाभ्यातच 'सनकेबीडी' नावाचा ड्रायव्हर आहे. कीबोर्ड सीरियल पोर्टला नीट जोडून 'इनपुटअटॅच' ही आज्ञा चालवली की लिनक्सला त्याची भाषा कळते. मात्र हा मार्ग लिनक्स सुरू झाल्यावरच चालतो. बायोसच्या स्क्रीनवर हा कीबोर्ड काम करणार नाही. कन्व्हर्टर स्वतःला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणून सादर करतो, त्यामुळे तो सहसा बायोसमध्येही चालतो.

स्वतः बनवायचं असेल तर: साहित्य

- एटीमेगा ३२यू४ चिपचा बोर्ड, म्हणजे प्रो मायक्रो किंवा आर्डुइनो लिओनार्डो. ही चिप स्वतः यूएसबी कीबोर्ड बनू शकते. साध्या आर्डुइनो उनोच्या मुख्य चिपला हे जमत नाही, म्हणून उनो घेऊ नका.
- प्रो मायक्रो दोन प्रकारांत मिळतो: ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. आपल्याला ५ व्होल्टचा हवा.
- ८ पिनांचं मिनी-डिन सॉकेट.
- चार तारा, सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अशा वस्तूंची चौकशी करता येईल. ८ पिनांचं सॉकेट नाहीच मिळालं, तर कीबोर्डची वायर कापण्याची घाई करू नका. सॉकेट ऑनलाइन मागवता येतं, पण एकदा कापलेली मूळ वायर पुन्हा तशी होत नाही.

एक इशारा: रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड लोकप्रिय असला तरी त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. कीबोर्डची ५ व्होल्टची तार थेट त्याला लावू नका. मध्ये व्होल्टेज उतरवणारी सोय लागते.

जोडणी

सनच्या ८ पिनांची विभागणी अशी आहे:

- पिन १ आणि २: ग्राउंड
- पिन ३ आणि ८: ५ व्होल्ट
- पिन ५: कॉम्प्युटरकडून कीबोर्डकडे जाणारा सिग्नल
- पिन ६: कीबोर्डकडून कॉम्प्युटरकडे येणारा सिग्नल
- पिन ४ आणि ७: कीबोर्डसाठी लागत नाहीत, मोकळ्या ठेवा. सनचा माउस कीबोर्डलाच लागतो आणि त्याचा सिग्नल याच वायरमधून जातो.

म्हणजे बोर्डाची ऐकणारी पिन कीबोर्डच्या ६ ला, बोलणारी पिन ५ ला, बोर्डावरचे ५ व्होल्ट ३ ला आणि ग्राउंड १ ला. बोर्डावरच्या नेमक्या कुठल्या पिना वापरायच्या, हे तुम्ही निवडलेल्या प्रोग्रामच्या माहितीत दिलेलं असतं.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: प्लग समोरून बघताना दिसणारे क्रमांक आणि सॉकेट समोरून बघताना दिसणारे क्रमांक एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. सॉकेटच्या मागच्या, सोल्डर करायच्या बाजूने बघितलं तर पुन्हा उलटं. आकृती कुठल्या बाजूची आहे हे आधी वाचा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक तार कुठे पोहोचते ते तपासा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले नाहीत ना, हेही बघा. ही पाच मिनिटांची तपासणी कीबोर्ड वाचवते.

आणि हो, जोडणी करताना यूएसबी केबल काढलेली असू द्या. आधी कीबोर्ड कन्व्हर्टरला लावा, मग कन्व्हर्टर कॉम्प्युटरला. यूएसबी चालू असताना काढ-घाल करता येते, पण हा जुना गोल प्लग त्यासाठी बनलेला नाही.

प्रोग्राम कुठून आणायचा?

तो लिहायची गरज नाही. टीएमके आणि क्यूएमके या दोन मुक्त प्रकल्पांत सनच्या कीबोर्डसाठी तयार कन्व्हर्टर आहेत. बटणांची मांडणी हवी तशी बदलून तो प्रोग्राम बोर्डावर चढवायचा. उलट्या सिग्नलची सोयही त्यात केलेली असते.

चाललं की नाही, कसं तपासायचं?

कन्व्हर्टरचा प्रोग्राम चढवण्याआधी कीबोर्ड जिवंत आहे का हे बघणं शहाणपणाचं. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअर-सीरियल लायब्ररीत उलट्या सिग्नलचा पर्याय आहे. तो निवडा, वेग १२०० ठेवा आणि आलेले आकडे स्क्रीनवर छापा. बोर्डाच्या सगळ्याच पिना या लायब्ररीत ऐकू शकत नाहीत, म्हणून पिन निवडताना तिची यादी बघा.

- कीबोर्डला १ पाठवा. उत्तरात २५५, ४, १२७ आलं, तर कीबोर्ड ठणठणीत आहे.
- 'ए' दाबून सोडा. ७७, २०५, १२७ दिसलं पाहिजे.
- २ पाठवा, शिट्टी वाजेल. लगेच ३ पाठवून ती बंद करा.

काही गडबड असेल तर हे बघा:

- काहीच येत नाही: ५ आणि ६ नंबरच्या तारा अदलाबदल झाल्या असतील, किंवा कीबोर्डपर्यंत ५ व्होल्ट पोहोचत नसतील.
- भलतेच आकडे येतात: सिग्नल उलटवायचा राहिला आहे किंवा वेग चुकला आहे.
- आकडे बरोबर, पण काही बटणं मुकी: कन्व्हर्टरचा दोष नाही. कीबोर्ड आतून साफ करावा लागेल.

त्या जादा बटणांचं काय करायचं?

डावीकडच्या स्टॉप, अगेन, प्रॉप्स, अनडू, फ्रंट, कॉपी, ओपन, पेस्ट, फाइंड आणि कट या बटणांना लिनक्समध्ये आजही याच नावांचे वेगळे संकेत आहेत. यूएसबीच्या नियमांतही स्टॉप, अगेन, अनडू, कट, कॉपी, पेस्ट आणि फाइंड यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. पण विंडोज यातल्या बऱ्याच संकेतांची दखल घेत नाही. म्हणून कन्व्हर्टरच्या मांडणीत 'कॉपी' बटणाला कंट्रोल-सी आणि 'पेस्ट' ला कंट्रोल-व्ही असं बसवून द्या. एका बोटात कॉपी-पेस्ट होतं. रोज लिहिणाऱ्या माणसाला या सोयीची लवकर सवय लागते.

यूएसबी प्लगच्या टाइप ६ आणि टाइप ७ वाल्यांना ही बटणं कॉम्प्युटरमधल्या की बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने बसवता येतील.

चौकटीचं चिन्ह असलेल्या बटणाला विंडोज किंवा मॅकचं कमांड बटण म्हणून वापरतात. सनच्या मूळ मशिनवर स्टॉप आणि ए एकत्र दाबले की चालू काम थांबून मशिन थेट आपल्या बूट-प्रोग्रामच्या स्क्रीनवर जायचं. आजच्या कॉम्प्युटरवर तसं काही होत नाही, बिनधास्त दाबा.

यावर मराठी टाइप होईल का?

होईल. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, फक्त 'अमुक जागेवरचं बटण दाबलं' एवढंच सांगतो. त्या बटणाचं 'ए' करायचं की 'ो' हे कॉम्प्युटरमधली भाषेची सेटिंग ठरवते. त्यामुळे इनस्क्रिप्ट असो किंवा उच्चारानुसार टायपिंग, तुम्ही आज जसं लिहिता तसंच या कीबोर्डवरही लिहाल. बटणांवर देवनागरी छापलेली नसेल, एवढंच.

हीच युक्ती दुसऱ्या जुन्या कीबोर्डला चालेल का?

तत्त्व तेच, पण वायरिंग आणि भाषा वेगळी. डीईसी कंपनीचा एलके२०१ हा व्हीटी२२० टर्मिनलसोबतचा कीबोर्ड ४८०० बॉडने बोलतो, त्याला टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा ४ तारांचा प्लग असतो आणि तो ५ नाही, १२ व्होल्टवर चालतो. सनसाठी बनवलेला कन्व्हर्टर त्याला लावून चालणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी हे चार प्रश्न विचारा:

- पिना किती आणि कुठली कशासाठी?
- वीज किती व्होल्ट?
- बोलण्याचा वेग किती आणि सिग्नल सरळ की उलटा?
- या कीबोर्डसाठी तयार प्रोग्राम आहे का?

चारही उत्तरं हाती आल्याशिवाय प्लग लावू नका.

थोडक्यात

- यूएसबी प्लगचा टाइप ६ किंवा टाइप ७ असेल तर थेट लावा.
- ८ पिनांचा गोल प्लग असेल तर अडॅप्टर चालणार नाही, कन्व्हर्टर लागेल.
- भाषा: १२०० बॉड, उलटा सिग्नल, ५ व्होल्ट.
- बोर्ड: ५ व्होल्टचा प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो, प्रोग्राम टीएमके किंवा क्यूएमकेमधून.
- वीज देण्याआधी प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासा.

भंगारवाल्याला द्यायला काढलेल्या सामानात असा एखादा कीबोर्ड दिसला, तर तो लगेच देऊन टाकू नका. आधी उलटा करून लेबल वाचा आणि पिना मोजा.